ओस्मान बानेगास जिवंत आहेत

त्या दिवशी मी फक्त जाकीट द्यायला गेले होते. नेरेयदा, माझी सून, सकाळी घाईत निघाली आणि इस्त्री केलेलं निळं जाकीट खुर्चीवरच राहिलं. दुपारच्या बातम्या ती वाचते. साऱ्या बंदराला तिचं तोंड ठाऊक आहे, पण तिचं लक्ष कुठे असतं ते फक्त मला ठाऊक. मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, जाकीट पिशवीत भरलं आणि उन्हातून निघाले.

आमच्या गावची वाहिनी म्हणजे काही महाल नाही. चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एका खोलीत टेबल, मागे बंदराचं मोठं चित्र, समोर कॅमेरा. पडद्यावर माझी सून म्हणजे कोण साहेबीण! टेबलाखाली मात्र जुनी जीन्स आणि रबरी चपला. पूर्वी ती भोंग्याच्या गाडीत बसून साबणाच्या जाहिराती ओरडत गावभर फिरायची. माझा विल्मेर तिचं तोंड बघायच्या आधी तिच्या आवाजाच्या प्रेमात पडला. मी म्हटलं होतं, "अरे, भोंग्याशी लग्न करतोस का?" पण पोरगी चिकाटीची. भोंग्यावरून हवामानावर गेली, हवामानावरून बातम्यांवर. विल्मेर आता जहाजावर असतो, वर्षातून एकदा घरी येतो. घरात आम्ही तिघीच. मी, ती आणि माझी नात दारिएला, नऊ वर्षांची. आम्हा सासू-सुनेचं पटत नाही असं नाही, पण भांडल्याशिवाय दोघींनाही जेवण गोड लागत नाही.

मी पोचले तेव्हा बातम्या सुरू व्हायला आल्या होत्या. तिनं जाकीट चढवलं, कानात ते बारीक यंत्र घातलं. त्यातून लिसान्द्रोसाहेब, म्हणजे वाहिनीचे मालक, काचेपलीकडून तिला सूचना देतात. मला म्हणाली, "सासूबाई, आलाच आहात तर बसा. पण खोकू नका." मी स्टुलावर बसले.

सुरुवातीलाच चेपेचा फोन आला. चेपे आमचा मोटरसायकलवरचा बातमीदार, पोलिसांच्या आधी पोचतो. टायरच्या दुकानासमोर एका बसवाल्याला तीन गोळ्या घातल्या होत्या. पोरांनी सांगितलेल्या जागी त्यानं बस थांबवली नव्हती, एवढाच गुन्हा. 'पोरं' म्हणजे कोण ते आमच्याकडे विचारत नाहीत. दुसरं नाव तोंडानं घ्यायचं नसतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. कोणी गोळी खाऊन रस्त्यात पडला की जवळच्या घरातली बाई चादर घेऊन धावते. माणसाला उघड्यावर पडू देत नाही कोणी. पण हात कोणी लावत नाही. हात लावला की तुम्ही साक्षीदार, आणि साक्षीदारावर दुसऱ्या दिवशी चादर पडते. म्हणून चादर पडली की माणूस गेला असं धरून चालायचं. उचलून बघायचं नसतं.

चेपे फोनमधून दाखवत होता ते बाजूच्या पडद्यावर मला सगळं दिसत होतं. डांबर, रक्ताचा ओघळ, लहान मुलाची हत्तींची चादर. चेपेनं पडलेल्या पाकिटातून नाव वाचलं, ओस्मान बानेगास. मागे टायरच्या दुकानात टीव्ही चालू होता, मोठ्या आवाजात, आमचीच वाहिनी. आणि मी बघितलं, तोंडाच्या जागी चादर आत ओढली गेली. मग बाहेर आली. मग परत आत.

"अगं, तो श्वास घेतोय!" मी ओरडले.

नेरेयदानंही पाहिलं होतं. तिचा चेहरा उतरला. काचेपलीकडून लिसान्द्रोसाहेब हात हलवत होते, वाच, वाच. नंतर म्हणाले वारा होता. वारा कसला, पान हलत नव्हतं! पण ती वर्षानुवर्षं त्या कानातल्या आवाजावर चालत आलेली. तिनं वाचलं, "ओस्मान बानेगास यांचं निधन झालं आहे. त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

अग्निशामक दलाची रुग्णवाहिका अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. टीव्हीनं सांगितलं, मग जायचं कशाला? पुढे शवागारातला डॉक्टर चेपेला म्हणाला, माणूस बराच वेळ जिवंत होता. रक्त जाऊन जाऊन गेला. म्हणजे तो तिथे चादरीखाली पडून आपल्याच मरणाची बातमी ऐकत होता.

नेरेयदा त्या दिवशी जेवली नाही. नळ सोडून न्हाणीघरात रडत बसली. दुसऱ्या दिवशी लिसान्द्रोसाहेबांकडे गेली, म्हणाली, चूक झाली, दुरुस्ती वाचू या. ते म्हणाले, "अगं, मेला ना शेवटी? मग चूक कसली? बातमी जरा लवकर दिली एवढंच."

मालक माणसाला काय, त्याच्या घरी कोण जाणार होतं?

आमच्याकडे बातम्यांच्या शेवटी लोकांचे फोन घेतात. पाणी येत नाही, दिवे गेले, खड्डा पडला, असली रडगाणी. दोन-तीन दिवसांनी एक फोन आला. मी घरी दारिएलाला जेवायला वाढत होते. टीव्हीतून आधी नुसती घरघर ऐकू आली, मग एका पुरुषाचा आवाज. फार नम्र.

"बाईसाहेब… चूक झाली आहे… मी अजून आहे…"

फोन तुटला. गाव पोट धरून हसलं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय हो, तुमच्या सुनेला आता मेलेले पण फोन करतात वाटतं!" मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण नेरेयदा हसली नव्हती.

त्यानंतर एका दुपारी तो आमच्या दारात आला.

ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वीज गेलेली, पंखा बंद. मी पायरीवर बसून केळी सोलत होते. फाटकाशी एक माणूस उभा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला तपकिरी कोट, अशा उकाड्यात. जळक्या रबराचा वास आला, आणि त्याच्याखाली खाटकाच्या दुकानातला.

"नमस्कार, बाई. बातम्यांच्या बाईसाहेब घरी आहेत का?"

"कामावर आहे ती. काय पाहिजे?"

"एक दुरुस्ती होती… त्या म्हणाल्या मी गेलो… पण मी ऐकत होतो ना…"

माझ्या तोंडाला जन्मात कधी कुलूप लागलं नाही. त्या दिवशी लागलं. कोटावर छातीशी ओल दिसत होती, आणि ती पसरत होती. तेवढ्यात दारिएला मागून आली, शाळेचा गणवेश तसाच, हातात अख्खा आंबा धरलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमची नात?… किती सहज श्वास घेते."

मी पोरीला आत ढकललं. वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. फाटकाची कडी ओली होती. मी ती फडक्यानं पुसली आणि ते फडकं चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बातम्यांची धून वाजली आणि दारिएलाचा घास हातातच राहिला. तोंड उघडं, छाती वर, पण हवा आत जाईना. ओठ जांभळे झाले. बातम्या संपल्या तसा श्वास मोकळा झाला. रोज तेच. डॉक्टर म्हणाला दमा आहे. फ्रॉक बदलताना मला तिच्या छातीवर तीन लाल ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाला डास. डास मोजून तीनच जागी चावतो का हो? आणि ठिपके रोज खोल होत होते. एका दिवशी त्यातून रक्त आलं.

टीव्ही बंद ठेवून पाहिला. काही उपयोग नाही. अख्ख्या गल्लीत नेरेयदाचाच आवाज. कुठे पळणार?

शेवटी मी ओस्मानच्या आईकडे गेले. कान्देलारियाबाई. माझ्याच वयाची, पाय सुजलेले. त्यांच्या बैठकीत ओस्मानचा फोटो आणि मेणबत्त्या. मी सगळं सांगितलं. ती बिचारी ओरडली नाही, हाकलून दिलं नाही. कॉफी दिली.

"इथेही येतो," ती म्हणाली. "खुर्चीत बसतो. म्हणतो, आई, टीव्हीवर चुकीचं सांगितलं. मी काय करू? त्याचा पहिल्यापासून टीव्हीवर फार विश्वास."

"मग सून सांगेल, की तो जिवंत आहे."

तिनं माझा हात धरला. बर्फासारखा गार हात. "नको हो, बाई, तेवढं नको. जिवंत म्हणालात तर पोरं परत येतील. काम अर्धं ठेवत नाहीत ती."

मी घरी येऊन नेरेयदाला शब्दन् शब्द सांगितलं, लपवलं नाही. ती चुलीपाशी उभी होती. दारिएलाचा रक्ताळलेला सदरा तिच्या हातात होता.

"म्हणजे माझी पोर किंवा ती म्हातारी," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला सदरा घेऊन पाण्यात भिजत घातला. माझी नात होती ती.

दुसऱ्या दिवशी मी दारिएलाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले. धून वाजली, तिचा श्वास बंद झाला. नेरेयदा पडद्यावर आली. तिनं लिसान्द्रोसाहेबांना विचारलंही नव्हतं.

"एक दुरुस्ती," ती म्हणाली. "ओस्मान बानेगास यांच्या निधनाची बातमी आम्ही दिली, तेव्हा ते जिवंत होते. आम्ही क्षमा मागतो."

हुशार पोरगी. खरंही बोलली आणि म्हातारीलाही सांभाळलं. पण माझ्या मांडीवर पोर निळी पडत होती. डोळे वर गेले. पडद्यावर फोन वाजला.

"असं नाही, बाईसाहेब…" तोच आवाज. "होते नाही… आहे…"

मी इथून किंचाळले, जणू तिला ऐकू जाणार होतं, "म्हण गं! म्हणून टाक!"

नेरेयदानं कॅमेऱ्यात पाहिलं. "ओस्मान बानेगास जिवंत आहेत."

दारिएलानं श्वास घेतला. एवढा मोठा, की तिला ठसका लागला. मी तिचे मुके घेतले, रडले, देवमातेला नवस बोलले. कान्देलारियाबाईची आठवण तेव्हा मला आली नाही, आणि ती येत नव्हती याचं वाईटही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी पोरांनी तिच्या घराची चाळण केली. भिंती, फोटो, मेणबत्त्या, सगळं. म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. दुसऱ्या दिवशी नेरेयदानं तिचं नाव वाचलं, आवाज जराही न कापता. त्या दिवशी मला माझ्या सुनेची पहिल्यांदा भीती वाटली. चेपे म्हणाला, घरात रक्त दोन माणसांचं होतं. दुसऱ्याच्या बुटांचे रक्ताळलेले ठसे दारातून बाहेर रस्त्यावर गेले होते, न अडखळता, सरळ.

मग चीनो आला.

चीनो म्हणजे पोरांचा म्होरक्या. खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक. मला वाटलं होतं कोणी राक्षस असेल. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, मिशी नीट फुटलेली नाही. डोळे लाल, झोप नसलेले. कमरेला पिस्तूल. फाटकाशी दुसरा एकजण मोटरसायकलवर. नेरेयदा नुकतीच घरी आली होती.

"बाई," तो म्हणाला, "मला एकच सांगा. त्याला किती वेळा मारायचं?"

नेरेयदानं दारिएलाला आपल्या मागे ओढलं.

"तीनदा मारला मी. पडतो. मग उठतो, कोटाची बटणं लावतो आणि म्हणतो, चूक झाली आहे. माझी दोन माणसं गाव सोडून पळाली. तुम्ही म्हणालात जिवंत, म्हणून तो जिवंत आहे. उद्या म्हणा, मेला."

"तसं म्हटलं तर माझी मुलगी मरेल," नेरेयदा म्हणाली.

"नाही म्हटलं तर मी मारेन." हे सांगताना तो रडत होता, खरं सांगते. नाक पुसत होता बाहीला. "उद्या मी इथे बसून बातम्या बघेन. हिच्याजवळ."

आणि खरंच आला, जोडीदाराला फाटकाशी उभं करून. सकाळी जाताना नेरेयदा मला एवढंच म्हणाली, "सासूबाई, तिला मांडीवर घ्या. खाली ठेवू नका." पोलिसांकडे का नाही गेलात, असं तुम्ही विचारणार. आमच्या गावचे असता तर विचारलं नसतं.

चीनो कोचावर बसला, पाय टेबलावर, पिस्तूल मांडीवर, तोंड दारिएलाकडे. मला सहन होईना.

"पाय खाली घे. हे तुझं घर नाही."

त्यानं घेतले. म्हणाला, "आजी, कॉफी आहे का?" मी दिली. साखर मागितली, ती पण दिली. मारायला आलेला असला तरी बिनसाखरेची कॉफी कशी द्यायची?

धून वाजली. नेरेयदा आली, तेच निळं जाकीट. ओठ पांढरे. दारिएलानं माझा हात घट्ट धरला.

"ओस्मान बानेगास…"

पोरीचा श्वास तिथेच अडकला. ठिपक्यांतून रक्त माझ्या हातावर आलं, गरम. चीनो पुढे वाकला. पडद्यावर नेरेयदा थांबली. थांबलीच. कोणी बोलावलं तर माणूस मान कलती करतो तशी तिची मान कलली. ती ऐकत होती. मग तिच्या रोजच्या, स्वच्छ, बातम्यांच्या आवाजात तिनं वाचलं,

"एल्डेर होआकिन पाग्वादा, वय एकोणीस, राहणार जुन्या रेल्वे यार्डाजवळ, यांचं आज दुपारी गोळ्या लागून निधन झालं. त्यांच्या आई, मिर्ना पाग्वादा, यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

चीनोचा कप खाली पडला.

"हे… हे माझं नाव आहे." तो हसला. "मी तर इथे बसलोय की! आजी, मी इथे बसलोय ना?"

शेजारच्या घरातून तेच नाव ऐकू आलं. समोरच्या घरातूनही. सारी गल्ली एका आवाजात सांगत होती, तो मेला. तो उठला आणि त्यानं टीव्हीवर गोळ्या झाडल्या, माझ्या सुनेच्या तोंडावर. काच फुटली, ठिणग्या उडाल्या. मी पोरीवर ओणवी झाले, आता आमची पाळी म्हणून डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तो उभा होता, पिस्तूल खाली पडलेलं, आणि आपल्याच सदऱ्याकडे बघत होता. पांढऱ्या सदऱ्यावर तीन ठिकाणी लाल उमटत होतं. कोणी झाडलं नव्हतं, आवाज झाला नव्हता. रक्त मात्र खरं होतं, भळाभळा, माझ्या धुतलेल्या फरशीवर. तो गुडघ्यांवर आला.

"आजी… सांगा ना त्यांना… मी अजून…"

फाटकावरच्या त्याच्या जोडीदारानं आत डोकावलं आणि मोटरसायकल टाकून पळाला. मला दया आली का? आली. आनंद झाला का? तोही झाला. कोणाचं तरी पोर माझ्या पायाशी तडफडत होतं आणि माझं पोर माझ्या मांडीवर श्वास घेत होतं. मी हललेसुद्धा नाही. थोड्या वेळानं दारिएला म्हणाली, "आजी, भूक लागली."

नेरेयदा पळतच आली, रबरी चपलांत, जाकिटाला मायक्रोफोन तसाच लटकलेला. मुलीचा सदरा वर करून पाहिला. छाती कोरी, ठिपक्याची खूणही नाही. तेव्हा कुठे तिनं फरशीकडे पाहिलं. पोलीस आले, गेले. प्रेत नेलं. आमच्याकडे असल्या पोरासाठी कोणी फार प्रश्न विचारत नाही.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो तेव्हा मी विचारलं, "त्याचं खरं नाव तुला कुठून मिळालं गं? आईच्या नावासकट?"

"कानात सांगितलं."

"लिसान्द्रोसाहेबांनी? त्यांना कसं ठाऊक?"

तिनं मान हलवली. केस मागे घेतले. कान रिकामा होता.

"ते यंत्र मी बातम्यांच्या आधीच काढून ठेवलं होतं, सासूबाई. कोणी मध्ये बोलू नये म्हणून." तिनं मान कलती केली. "तो अजून सांगतोय… नावं… पत्त्यांसकट. उद्याच्या दुपारची."

"कोणाकोणाची गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग घाईनं वळली, ताट घेतलं, घेवडा वाढला, तळलेली केळी वाढली, वर स्वतःच्या वाट्याचा चीजचा तुकडाही ठेवला.

"जेवून घ्या, आई," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."

इतक्या वर्षांत तिनं मला कधी आई म्हटलं नव्हतं.